क्लचचे पेडल ‘सॉफ्ट’ झाले? गिअरबॉक्स उतरवण्याआधी अर्धा तास द्या

गाडी गॅरेजच्या दारात येते आणि गिऱ्हाईक उतरता उतरता दोनच शब्द सांगतो, “पेडल सॉफ्ट झालंय.” एवढ्यावरून पुष्कळ ठिकाणी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा अंदाज कागदावर लिहिला जातो. गिअरबॉक्स खाली येतो, नवा सेट बसतो आणि संध्याकाळी पेडल पुन्हा तसेच मऊ लागते. मग गिऱ्हाईक एका बाजूला, मिस्त्री दुसऱ्या बाजूला आणि स्पेअर पार्टवाला तिसऱ्या बाजूला असा वाद सुरू होतो. बसवलेला सेट दुकानदार परत घेत नाही, गिऱ्हाईक पूर्ण पैसे देत नाही आणि दोन माणसांची दिवसभराची मजुरी पाण्यात जाते. खरा दोष एखाद्या रबरी वॉशरमध्ये किंवा पाइपात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यात असतो. क्लच सेटचे बिल हजारांत होते, तर वॉशर किटचे काम काही शेकड्यांत भागते. हा फरक ज्या कारागिराला पान्याला हात लावण्यापूर्वी सांगता येतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते.

आपल्या समाजातील मोठा वर्ग गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, स्पेअर पार्ट आणि टॅक्सीच्या धंद्यात आहे. कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड असो, पुण्याची नाना पेठ असो, की तालुक्याच्या गावातील एस.टी. स्टँडसमोरचे पत्र्याचे शेड असो, हातातील हुनर उत्तम असते. कमी पडते ते दोष शोधण्याचे शास्त्र, कारण उस्तादाने ते शब्दांत सांगितलेले नसते आणि शागीर्दाने विचारलेले नसते. म्हणून या वेळी हायड्रॉलिक क्लच हा एकच विषय घेऊन तो मुळापासून पाहू.

मारुती ८०० सारख्या जुन्या छोट्या गाड्यांना क्लचची तार असते. तार ताणली, गंजली किंवा तिचे धागे तुटले तर पेडल जड होते किंवा मोकळे पडते, पण ते ‘स्पंजासारखे’ लागत नाही. तेव्हा गाडीला तार आहे की तेल, हे आधी पाहावे. इनोव्हासारख्या गाड्यांत तेलावर चालणारा क्लच असतो आणि आजचा लेख त्यांच्याविषयी आहे.

तेल काम कसे करते

पेडलच्या मागे पत्र्यावर मास्टर सिलिंडर बसवलेला असतो. पेडल दाबले की दांडी पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टनवरील रबरी वॉशर (कोणी त्याला कप म्हणतो, कोणी बकेट) तेल पुढे लोटतो. ते तेल लोखंडी पाइप आणि रबरी होजमधून गिअरबॉक्सपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरला जाते. स्लेव्हचा पिस्टन बाहेर येतो, फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांना. तेल दाबले जात नाही, म्हणजे त्याचा आकार जवळजवळ कमी होत नाही. जेवढे इकडून गेले तेवढेच तिकडे पोहोचते. सगळी मेख इथेच आहे.

थोडा हिशेब करून पाहू, कारण हिशेब समजला की पुढचे सगळे आपोआप समजते. समजा मास्टरचा बोअर पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १५.९ मि.मी. आहे आणि स्लेव्हचा बोअर पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मि.मी. आहे. पेडल पूर्ण दाबल्यावर मास्टरचा पिस्टन ३० मि.मी. सरकतो. त्यात ढकलले जाणारे तेल अवघे ६ सी.सी.च्या आसपास भरते, म्हणजे चहाच्या एका लहान चमच्यापेक्षा किंचित जास्त. या ६ सी.सी. तेलाने स्लेव्हची दांडी सुमारे २१ मि.मी. पुढे येते. आता त्या लाइनीत कोठेतरी १ सी.सी. हवा अडकली आहे असे धरा. हवा मात्र दाबली जाते. दाब वीसपट वाढला की ती विसाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे जवळजवळ १ सी.सी. तेल हवेला चेपण्यातच खर्ची पडले. स्लेव्हची दांडी २१ ऐवजी १७ मि.मी.च येते. साडेतीन मि.मी. चोरीला गेले. फोर्कचे प्रमाण दोनास एक धरले तर बेअरिंगपाशी पावणेदोन मि.मी.ची तूट आली. प्लेट मोकळी होण्यासाठी लागणारी फट मुळातच एखाद्या मिलिमीटरची असते, म्हणून एवढ्या तुटीने गिअर अडकू लागतो.

ब्रेकमध्ये थोडी हवा राहिली तर ड्रायव्हर दोनदा पेडल मारून वेळ भागवतो. क्लचमध्ये तेवढी सवलत नाही. चमचाभर तेलाचा हिशेब आणि त्यातील एक षष्ठांश कमी, इतकेच पुरते.

पेडल काय सांगते ते ऐका

पेडल ‘सॉफ्ट’ म्हणजे नेमके काय, हे गिऱ्हाइकाला विचारू नये, स्वतः सीटवर बसून पाहावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. पेडल सावकाश दाबा. मग पाच-सहा वेळा भराभर पंप मारून पुन्हा दाबा. मग दाबून धरा आणि घड्याळात एक मिनिट मोजा. या तीन गोष्टींतून निम्मे निदान होते.

पंप मारल्यावर पेडल वर आले आणि टणक झाले, पण थोडा वेळ सोडल्यावर पुन्हा मऊ पडले, तर लाइनीत हवा आहे असे समजावे. भराभर पंप मारल्याने फरक का पडतो, हेही जाणून घ्यावे. पेडल झटक्यात सोडले की मास्टरचा पिस्टन लवकर मागे येतो, पण स्लेव्हकडील तेल तेवढ्या घाईने परतत नाही. मग वरच्या डब्यातील ताजे तेल वॉशरच्या कडेवरून पुढे सरकते आणि लाइनीत तेल जादा होते. त्या जादा तेलाने हवेची तूट तात्पुरती भरून निघते. हवा गेलेली नसतेच.

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि डब्यातील तेलाची पातळी महिनोन्महिने कमी होत नसेल, तर मास्टरचा वॉशर आतल्या आत गळतो आहे. तेल बाहेर पडत नाही, वॉशरच्या मागे जाते. हा दोष फार फसवा असतो. पेडल जोरात मारले तर गिअर नीट पडतो, कारण झटक्याने दाब आल्यावर वॉशर कडेला घट्ट चिकटतो. गॅरेजमध्ये ट्राय घेताना सगळे ठीक वाटते. पण सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून उभे राहिले की अर्ध्या मिनिटाने गाडी आपोआप पुढे सरकू लागते. गिऱ्हाईक ही तक्रार सांगतो तेव्हा तो ‘ड्रायव्हिंग येत नाही’ असे म्हणून उडवून लावू नये. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पायावर जाणारी ही गाडी आहे.

पेडल नेहमीइतके टणक लागते, प्रवासही पूर्ण आहे, तरी रिव्हर्सला खर्रर्र होते, असे असेल तर तेलाच्या बाजूला दोष नाही. फोर्क वाकला किंवा झिजला असेल, प्रेशर प्लेटच्या पाकळ्या बसल्या असतील, किंवा क्लच प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजून अडकली असेल. पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी राहिलेली गाडी काढली की हे हमखास आढळते. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवणे रास्त आहे.

आणि पेडल जमिनीपर्यंत गेले, परत येतच नाही, असे असेल तर तेल संपले आहे. तेल कोठून गेले, हा पुढचा प्रश्न.

डोळ्यांनी आणि हातांनी

बॉनेट उघडून डब्याचे झाकण काढा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकला एकच डबा असतो. क्लचचा पाइप डब्याच्या वरच्या भागातून निघतो आणि ब्रेकचा तळातून. यामुळे क्लचचे तेल गळून गेले तरी ब्रेकला तेल राहते. अशी गाडी आली तर क्लचच्या निमित्ताने ब्रेकही तपासावेत, कारण पातळी ब्रेकच्या पॅड झिजल्यानेही खाली येते आणि क्लचची नळी उघडी पडून हवा खेचू लागते. गळती कोठेच सापडत नाही म्हणून मिस्त्री हैराण होतो आणि उत्तर पुढच्या चाकात असते.

हेल्परला पेडल दाबायला सांगून डब्यातील तेलाकडे पाहावे. अगदी सुरुवातीला तेलात किंचित उसळी दिसते, ती ठीक आहे. पण पेडल निम्म्याच्या खाली गेल्यावरही डब्यात तेल उसळत राहिले तर वॉशर गळतो हे डोळ्यांनी दिसते. त्याच वेळी मास्टर सिलिंडरची बॉडी पाहा. ती पेडलबरोबर पुढे-मागे हलते का? ज्या पत्र्यावर ती बसली आहे तो कुजला किंवा पेडलच्या ब्रॅकेटची वेल्डिंग तडकली असेल, तर पेडलचा अर्धा जोर पत्रा वाकवण्यात जातो. अशी गाडी तीन ठिकाणी एअर काढून येते आणि एअर कोठे नसतेच. पेडल आणि दांडी जोडणारी पिन झिजून भोक लांबट झाले असेल, तरी हाच प्रकार. पेडलचे प्रमाण साधारण पाचास एक असते, म्हणून पिनेपाशी २ मि.मी. ढिलाई झाली की पायाखाली एक सेंटीमीटर फुकट जातो.

मग गाडीच्या आत पेडलच्या वरती बोट फिरवावे. दांडी जेथे सिलिंडरमध्ये शिरते तेथील रबर ओले असेल, कार्पेट चिकट असेल, तर मास्टरचा मागचा वॉशर गेला. खाली गाडीच्या पोटात जाऊन स्लेव्हचे रबरी बूट मागे सारावे. आत तेल साचले असेल तर स्लेव्ह गळतो. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. बूट कोरडे आहे म्हणून स्लेव्ह चांगला, असा निष्कर्ष काढू नये. वॉशरची कड दाबाखाली घट्ट बसते. पेडल सोडताना मात्र आत क्षणभर ओढ निर्माण होते आणि झिजलेल्या कडेतून हवा आत शिरते. तेल एक थेंबही बाहेर येत नाही आणि हवा रोज थोडी थोडी आत जाते. दर महिन्याला एअर काढावी लागणारी गाडी बहुधा याच कारणाने येते.

गिअरबॉक्सच्या खाली ओलावा दिसला तर ते कोणते तेल हे आधी ठरवा. एका वाटीत पाणी घेऊन त्यात थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल वर तरंगते. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वासही येतो. पाच पैशांचाही खर्च नसलेली ही चाचणी आहे.

होज दाबून पाहण्याची चाचणी

मास्टर खराब की स्लेव्ह, असा घोळ पडतो तेव्हा दोन्ही बदलायची पद्धत पडली आहे. त्याऐवजी रबरी होज चपट्या जबड्याच्या होज क्लॅम्पने हलकेच बंद करावा. पकड किंवा व्हाइस ग्रिपचे दात थेट रबरावर लावू नयेत, आतला थर फाटतो आणि बाहेरून कळत नाही. होज जुना, भेगाळलेला असेल तर चाचणी करायचीच नाही, होजच बदलायचा. प्लास्टिकच्या किंवा स्टीलची जाळी असलेल्या पाइपांवरही ही चाचणी करू नये.

क्लॅम्प लावल्यावर पेडल दाबा. ते वरच्या वर दगडासारखे टणक झाले आणि दाबून धरल्यावरही खाली गेले नाही, तर मास्टर निर्दोष. दोष क्लॅम्पच्या पुढे, होजमध्ये, स्लेव्हमध्ये किंवा तिकडच्या हवेत आहे. टणक झाले पण हळूहळू खाली जाऊ लागले, तर मास्टरचा वॉशर गळतो. क्लॅम्प लावूनही स्पंजासारखेच लागले, तर हवा मास्टरपाशी किंवा वरच्या पाइपात आहे. अर्ध्या तासाच्या आत तुम्ही गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवू शकता.

होजचाही विचार स्वतंत्रपणे करावा. हेल्परने पेडल दाबल्यावर होज मुठीत धरला की तो फुगतो का ते कळते. फुगला तर तेवढे तेल वाया गेले. याच्या उलट, आतून सुजून बंद होत आलेला होज तेलाला परत येऊ देत नाही. मग पेडल मऊ नसते, पण क्लच घसरतो आणि मिस्त्री प्लेट बदलतो. पुशरॉड गरजेपेक्षा लांब सेट केला तरी हेच घडते. डब्याकडे जाणारे बारीक छिद्र झाकलेले राहते, इंजिनच्या उष्णतेने तेल फुगते आणि क्लच आपोआप अर्धवट दाबलेला राहतो. म्हणून मास्टर बदलल्यावर पेडलच्या सुरुवातीला थोडी मोकळीक आहे ना, हे हाताने हलवून पाहावे. किती हवी, हे त्या गाडीच्या मॅन्युअलवरून ठरवावे.

शेवटची मोजणी स्लेव्हपाशी. पट्टी धरून, हेल्परने पूर्ण पेडल दाबल्यावर दांडी किती मि.मी. सरकते ते लिहून घ्या. कंपनीचा आकडा हाताशी नसेल तर त्याच मॉडेलची चांगली चालणारी गाडी आली की तिचे माप घेऊन वहीत नोंदवा. वर्षभरात अशी वही तयार झाली तर ती गॅरेजमधील सर्वांत किमती हत्यार होईल. दांडी पूर्ण सरकते आणि तरी गिअर अडकतो, तेव्हाच गिअरबॉक्स उतरवण्याची परवानगी मागावी.

किट की नवा सिलिंडर

मास्टर किंवा स्लेव्ह उघडल्यावर किट टाकायचा की पूर्ण सिलिंडर, हे बोअर पाहून ठरवावे. स्वच्छ पुसून उजेडात धरा, नखाने चाचपा. नख अडकले, काळे डाग किंवा गंजाचे खड्डे दिसले तर किट टाकून उपयोग नाही. नवा वॉशर त्या खड्ड्यावर काही आठवड्यांत झिजतो आणि गिऱ्हाईक परत येते. ओतीव लोखंडाच्या बोअरवरून बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून हलका फिरवला तर चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरवर मात्र पेपर फिरवू नये. त्याच्या पृष्ठभागावर कडक थर चढवलेला असतो, तो निघाला की मऊ धातू उघडा पडतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे पाणी बुटातून आत शिरून स्लेव्हच्या बाहेरच्या टोकाला गंज येतो. जुनी प्लेट झिजलेली असताना पिस्टन बोअरच्या एका भागात काम करतो, नवी प्लेट बसली की जागा बदलते आणि वॉशर त्या गंजावरून फिरू लागतो. नवा क्लच सेट टाकल्यावर आठ-दहा दिवसांत स्लेव्ह गळू लागतो, त्यामागे बहुधा हे कारण असते. मिस्त्रीवर विनाकारण आळ येतो. म्हणून क्लच सेट टाकताना स्लेव्ह उघडून पाहिला, हे गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. सिलिंडरचे भाग पेट्रोल, डिझेल किंवा घासलेटने धुऊ नयेत. ही सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिला कोणी चूक मानत नाही. ब्रेक आणि क्लचच्या वॉशरचे रबर खनिज तेलाचा स्पर्श सहन करत नाही, ते सुजते. धुण्यासाठी ताजे ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरावे आणि वॉशर बसवताना ब्रेक ऑइलच लावावे, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही.

कधी कधी गिऱ्हाईक स्वतःच किंवा पेट्रोल पंपावरचा पोरगा डब्यात चुकून इंजिन ऑइल नाहीतर स्टिअरिंग ऑइल टाकतो. झाकणाच्या आतील रबर फुगून लाटांसारखे झाले असेल तर शंका घ्यावी. अशा गाडीत निव्वळ तेल बदलून भागत नाही. ते तेल जेथे जेथे पोहोचले तेथील सगळे रबर बदलावे लागते. डबा ब्रेकचाही असेल तर ब्रेकचेही. बिल मोठे होते, गिऱ्हाईक कुरकुरते, पण येथे तडजोड करू नये. नाही म्हटले तर गाडी परत द्यावी, मात्र धोका बिलावर लिहून सही घ्यावी.

तेल कोणते, हा प्रश्न दुकानातही नीट विचारला जात नाही. डब्याच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच घालावे. डॉट ३ चे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला आणि डॉट ४ चे २३० अंशांना उकळले पाहिजे, असे मानक सांगते. पण ही तेले हवेतील ओल शोषून घेतात. सुमारे ३.७ टक्के पाणी शिरले की हीच मर्यादा १४० आणि १५५ अंशांवर धरली जाते. एक्झॉस्टच्या पाइपाजवळून क्लचची लाइन जात असेल, तर घाट चढताना त्यात वाफ होऊन पेडल खाली जाते आणि गाडी गार झाल्यावर पुन्हा ठीक होते. सकाळी गॅरेजमध्ये दोष सापडत नाही, तो या कारणाने. डॉट ५.१ हे याच जातीचे तेल आहे. पण डॉट ५ म्हणजे सिलिकॉनचे तेल, ते यात मिसळू नये. नावे सारखी असल्याने गफलत होते.

तेलाची सीलबंद बाटली घ्यावी, पक्क्या बिलावर आणि ओळखीच्या दुकानातून. अर्धी वापरलेली, महिनाभर फळीवर पडलेली बाटली पुन्हा वापरू नये. एअर काढताना बाटलीत जमा झालेले तेल तर अजिबात डब्यात परत ओतू नये. आणि रंगावर सांडलेले तेल कापडाने पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी टाका, नाहीतर बॉनेटचा रंग उचलला जाईल आणि नफा पेंटरला द्यावा लागेल.

एअर काढण्याची रीत

एअर काढण्यापूर्वी स्लेव्हचे निपल वरच्या बाजूला आहे ना, हे पाहावे. स्लेव्ह उलटा बसला किंवा दुसऱ्या गाडीचा बसवला, की निपल खाली आणि होज वर येतो. हवा वर राहते आणि खालून तेल कितीही काढले तरी ती निघत नाही. दोन दोन लिटर तेल वाया घालवलेल्या गाड्या अशाच असतात.

निपलला रिंग पानाच लावावा. फिक्स पान्याने कडा गोल होतात. निपल गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक थोड्या तेलात बुडालेले ठेवावे. डबा भरलेला ठेवायचा आणि काम चालू असताना एका माणसाने त्यावरून नजर हटवायची नाही. पेडल सावकाश खाली दाबून धरायचे, मग निपल पाव फेरा सैल करायचा, बुडबुडे आणि तेल येऊ द्यायचे, निपल बंद करायचा आणि त्यानंतरच पेडल सोडायचे. हेल्परने आधी पेडल सोडले तर नळीतील हवा परत आत जाते. म्हणून “दाबलं”, “सोड” हे शब्द मोठ्याने बोलून काम करावे. पेडल खाली चिकटून राहिले तर हाताने वर उचलावे.

पूर्ण रिकाम्या झालेल्या लाइनीत ही रीत पुष्कळदा अपुरी पडते. पाइप वर जाऊन मग खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यावर हवा बसून राहते. तेव्हा उलटी रीत वापरावी. औषधाच्या दुकानातून ५० सी.सी.ची सिरिंज आणावी, ताजे तेल भरून खालच्या निपलमधून सावकाश वर ढकलावे. हवेचा स्वभावच वर जाण्याचा, ती डब्यातून बाहेर पडते. डबा भरून वाहणार नाही इतके तेल आधी काढून ठेवावे. सिरिंजचे रबर एक-दोन वापरांनंतर सुजते, तेव्हा ती नवी घ्यावी.

याहून सोपी युक्ती म्हणजे स्लेव्हची दांडी हाताने किंवा लिव्हरने हळूहळू मागे ढकलणे. स्लेव्हमधील तेल वर जाते आणि डब्यात बुडबुडे उठताना दिसतात. बुडबुडे दिसले म्हणजे निदानही झाले आणि कामही झाले. मास्टर नवा बसवला असेल तर त्याच्या तोंडापाशीचा पाइपाचा नट किंचित सैल करून तेथील हवा आधी काढावी, मग खाली यावे.

काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतोच. तो शाफ्टभोवती गोल बसवलेला असून बेअरिंगसह गिअरबॉक्सच्या आत असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून उपाय नाही. अशा गाडीचा क्लच सेट बदलताना हा स्लेव्हही त्याच वेळी बदलावा, हा सल्ला द्यायला संकोच करू नये. गिऱ्हाइकाला वाटेल की मिस्त्री बिल फुगवतो. पण तेच काम दोन महिन्यांनी पुन्हा करायचे म्हटले तर मजुरी दुप्पट. मात्र एक काळजी घ्यावी. गिअरबॉक्स पूर्ण बसण्यापूर्वी कोणीही पेडल दाबू नये. पिस्टनला अडवायला समोर काही नसते आणि नवा भाग बाहेर येऊन फुकट जातो. स्टिअरिंगला ‘पेडल दाबू नका’ अशी चिठ्ठी बांधून ठेवणारे गॅरेज मी पाहिले आहे, ती पद्धत उचलण्यासारखी आहे.

निदानाची मजुरी

हे सगळे करायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे मागायला आपला कारागीर लाजतो. मग तो ते पैसे नको असलेल्या पार्टमधून काढायला बघतो आणि तेथेच धंद्याची विश्वासार्हता जाते. डॉक्टर तपासण्याची फी घेतो, तशी मिस्त्रीनेही घ्यावी आणि ती आधी सांगावी. काम दिले तर ती बिलात वळती करावी. जुने वॉशर, जुना सिलिंडर पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. बिलावर पार्ट वेगळा, मजुरी वेगळी. स्पेअर पार्टच्या दुकानदारांनीही विक्रीपूर्वी मॉडेल आणि वर्ष विचारण्याची शिस्त ठेवावी. बोअर एका मापाने मोठा-लहान झाला तर वरच्या हिशेबातील सगळे आकडे बदलतात आणि दोष बसवणाऱ्याच्या माथी येतो. मास्टर मोठा बसला तर पेडल जड होते, लहान बसला तर मऊ आणि प्रवास अपुरा.

गाडी देण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. आवाज न होता पडला पाहिजे. मग पहिला गिअर टाकून, समोर मोकळी जागा ठेवून आणि दुसरा पाय ब्रेकवर तयार ठेवून, क्लच दाबलेलाच एक मिनिट उभे राहावे. गाडी सरकता कामा नये. त्यानंतर इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. डब्यावर तेलाच्या पातळीची खूण पेनने करून ठेवावी आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मिनिटांसाठी बोलवावे. रात्रभरात बारीक बुडबुडे एकत्र येऊन वर चढतात, त्यामुळे पातळी केसभर खाली आलेली असू शकते. तेवढी भरून झाकण लावावे. त्याहून जास्त उतरली असेल तर गाडी पुन्हा आत घ्यावी.